आईच्या वर्षश्राद्धाचं आयरिश गाणं

आईच्या वर्षश्राद्धाला आमच्या घरात दोघंजण नाचले. दादाची तीन वर्षांची नात आनंदाने नाचली आणि मी रागाने.

दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होतो आणि आम्ही नाशिकरोडला राहत होतो. टर्बाइनच्या शेजारी वीस वर्षं काढल्यामुळे माझा आवाज चढला, असं मी लोकांना सांगतो. (माझी बायको वंदना सांगते की लग्नातही तो एवढाच होता, आणि लग्न नोकरीच्या आधी झालं.)

त्या दिवशी सकाळपासूनच माझं डोकं फिरलेलं होतं. गुरुजी दीड तास उशिरा आले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चप्पल काढता काढताच म्हणाला की आईच्या आवाजाची कॅसेट मी वर्षभर एकट्याने दाबून ठेवली आहे. हे खरं होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला. ती कॅसेट मीच केली होती. माझी मुलगी केतकी लहान असताना एका दुपारी आईला टेपरेकॉर्डरसमोर बसवून मी तिच्याकडून भोंडल्याची दोन गाणी म्हणवून घेतली होती. जेमतेम सहा-सात मिनिटं. पण आईचा आवाज म्हणून जगात उरलं होतं ते तेवढंच.

म्हणून पंगत निम्म्यावर आली तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, की ज्यांना वाटतं मी आई दाबून ठेवली आहे त्यांनी आता कान उघडे ठेवावेत. आप्पा, माझे वडील, समोरच जेवत होते. आई गेल्यापासून त्यांनी तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मी बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग तंबोऱ्यासारखा एक सूर लागला आणि त्यावर एका बाईचा आवाज आला. एकटीचा, लांबून येणारा, ऐकून आत कुठेतरी हलावं असा. शब्द मात्र एकही कळत नव्हता.

"वहिनीच," आत्या म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. ती त्र्यंबकेश्वरहून पहिल्या गाडीने आली होती आणि तिला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नसे. उजव्याने थोडंफार.

दादा म्हणाला, "आईला कानडी कधीपासून यायला लागली?"

मी त्याला गप्प बसायला सांगणार, तेवढ्यात ठोका सुरू झाला. वाटीतली खीर थरथरायला लागली. गुरुजींचा हात वड्यावरच थांबला. दादाची नात पाटावरून उठली आणि मधोमध जाऊन कंबर हलवायला लागली.

"तबल्याला कोण बसलंय?" आत्याने विचारलं.

मी टेपरेकॉर्डरवर झडप घातली. बंद करायचं बटण आत गेलं ते आतच राहिलं. मी वायर उपटली. गाणं चालूच. (सबंध जिल्ह्याला वीज पुरवणाऱ्या माणसाच्या घरी रोज भारनियमन असायचं, म्हणून आत सेल मीच घालून ठेवले होते.) एव्हाना बटण सोडून माझा राग केतकीकडे वळला होता, कारण हे गाणं मी ओळखलं होतं. अकरावीच्या गॅदरिंगसाठी ती महिनाभर यावर उड्या मारत होती. आयर्लंडमधलं जुनं लोकगीत आहे, त्याच्याखाली ट्रान्सचं, म्हणजे डिस्कोत वाजतं तसलं, संगीत घातलंय, असं तिने मला दोनदा समजावलं होतं आणि दोन्ही वेळा मी ओरडलो होतो.

मग मी सुटलो. आजीचा आवाज पुसलास इथपासून सुरुवात केली आणि तिचं कॉलेज बंद करण्यापर्यंत पोचलो. ठोका वाढत होता तसा मीही वाढत होतो. वंदना मध्ये पडली तर तिचं माहेरही काढलं. केतकीने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, हे मला आणखीनच झोंबलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुम्हाला कोरी कॅसेट आणून भरून घ्यायला सांगितलं होतं. ही देवळाली कॅम्पच्या दुकानात तुम्हीच दिलीत. गॅदरिंग झाल्यावर मी ती परत कपाटात ठेवली."

आणि मला तो दुकानदार लख्ख आठवला. मी कपाटातली बिननावाची कॅसेट उचलून नेली होती. त्याने ती उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "साहेब, मागचे कान तोडलेत. कुणीतरी जपून ठेवलेलं दिसतंय. चिकटपट्टी लावून भरू का?" ते कान मीच तोडले होते, आईचा आवाज चुकून पुसला जाऊ नये म्हणून. पण त्या दिवशी मी घाईत होतो, आणि मुलीच्या फालतू गाण्यासाठी उन्हात उभं राहावं लागलं म्हणून चिडलेलो होतो. मी त्याच्यावर खेकसलो, "विचारता काय? भरा."

चूक कळली की माणसं गप्प होतात. मी आवाज वाढवला. कॅसेटवर नाव घालायला कुणाला काय झालं होतं, घरात कुणाला कसली पर्वा आहे का, असं मी ओरडत असतानाच गाणं संपलं. खट्ट असा आवाज झाला. आणि त्या नव्या गाण्याने न झाकलेल्या तेवढ्याशा पट्टीतून आई बोलली.

"अन्या, किती ओरडतोस रे त्या पोरीवर. बंद कर ते आधी."

पुढे नुसती खरखर. ती दुपार मला आत्ता आठवली. गाणी संपल्यावर लहानगी केतकी मध्येच बोलली होती, आणि मी तिच्यावर धावून गेलो होतो.

आत्याने उजवा कान पुढे केला होता, तो तसाच ठेवून ती म्हणाली, "आत्ता खरी वहिनी बोलली." आप्पांनी ताट बाजूला सारलं. त्यांचे ओठ हलत होते.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

त्या टेपरेकॉर्डरवर नेमकी जागा सापडत नसे, म्हणून त्या दुपारी आम्ही ते आयरिश गाणं चार वेळा अख्खं ऐकलं, शेवटच्या त्या दोन वाक्यांसाठी. गुरुजीही थांबले. चौथ्या वेळी ठेका आत्यानेही धरला. संध्याकाळी मी केतकीची माफी मागितली. ती म्हणाली, जरा हळू आवाजात मागा, शेजारी ऐकतायत.

दादाने त्या कॅसेटच्या तीन प्रती करून घेतल्या. एक आप्पांना, एक आत्याला, एक स्वतःला. मला दिली नाही. वर म्हणाला, तुला कशाला हवी, आईची ती दोन वाक्यं तुला तर पाठच असतील.