हेर क्रेमर यांचं शेवटचं जेवण

इथले अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगायचं तर बहुतेकांवर विश्वास ठेवत नाही. माझे वडील मिरजेला कंपाउंडर. आमच्याकडे ताप आला की थर्मामीटर निघायचा, अंगारा नाही. तरीही हे लिहितेय...

१९६४, जर्मनीतलं आखन. हे तिथे इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट करत होते. मी घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याचा कोर्स — हाउसप्फ्लेगे — करत होते. वर्गात परदेशी मी एकटीच. शेवटच्या प्रॅक्टिकलला हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर मिळाले. स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावर एकटेच, अंथरुणाला खिळलेले. मुलगी गावातच होती, पण फिरकायची नाही.

त्या दिवशी सकाळी शेजारणीकडून किल्ली घेऊन गेले. त्यांचं अंग पुसलं, धुतलेला शर्ट घातला — हात त्यांनी स्वतः उचलले — आणि बटाट्याचं सूप भरवलं. सगळं संपवलं. मग विचारलं, "हुमेल आली का?" हुमेल म्हणजे भुंगा. मांजरबिंजर असेल, असं समजून मी म्हटलं, येईल.

मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते, तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी दटावल्यामुळे मुलगीही बरोबर आली होती. आतून येऊन डॉक्टर म्हणाले, "हे काल संध्याकाळीच गेलेत."

मी धावत जाऊन हात लावला. गार, लाकडासारखे ताठ. शर्टाचं, सुपाचं, हुमेलचं सगळं सांगितलं. डॉक्टर शर्टाच्या बाह्यांकडे बघत राहिले. असल्या हातांवर बाही चढत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग ते मृत्यूचा दाखला लिहायला बसले.

जिन्यात मुलीने माझा दंड धरला. "लहानपणी बाबा मला हुमेल म्हणायचे. तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. आत्ता, जेवताना."

ती पायरीवर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी कोर्सच्या मुख्य सिस्टरसमोर तिने सांगितलं, ही मुलगी प्रेताला भरवत बसली होती, हुमेल नावाचं मला काही माहीत नाही. सिस्टर मला म्हणाल्या, "जिला जिवंत आणि मेलेला कळत नाही, तिच्या हाती आम्ही माणसं देत नाही." कोर्स तिथेच संपला. ह्यांचं म्हणणं, माझं जर्मन कच्चं, काहीतरी चुकीचं ऐकलं असेल. माझं जर्मन ह्यांच्यापेक्षा बरं होतं.

पुढे भारतात परत येईपर्यंत लाँड्रीत चादरींना इस्त्री केली. त्या खोलीत काय झालं, मला अजूनही सांगता येत नाही. भास म्हणावा, तर ते नाव मला कुठून कळलं?

तिथे असतानाच क्रेमर यांची मुलगी एकदा बाजारात समोरून आली. मला ओळखलं... आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली.