गुडघे टेकून ऐकणारा

पाणीखात्यात त्याला सगळे कानकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते दुसऱ्या धर्माचं होतं, पण तेहतीस वर्षांत त्याची कुणाला अडचण झाली नव्हती. रस्त्याखाली नळ कुठे फुटलाय ते वरून ऐकून सांगायचं, हे त्याचं काम. साधन म्हणजे हातभर पोलादी सळई आणि तिच्या टोकाला एक लाकडी वाटी. पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत जायचं, गुडघे टेकायचे, सळई रस्त्यावर उभी धरायची, वाकून वाटीला कान लावायचा, डोळे मिटायचे. नीट वाहणारं पाणी एकसुरी वाजतं, गळणारं कण्हतं. कण्हणं जिथे सर्वांत मोठं, तिथे तो खडूने गोल काढी आणि खोदणारे डोळे झाकून तिथेच कुदळ घालत.

लांब सळई मिळत नव्हती असं नाही. तिने उभ्याउभ्या ऐकता येतं. पण एवढ्या लोखंडातून वर येईतो बारीक आवाज वाटेतच मरतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं.

बायको म्हणायची, "जमिनीखालचं ऐकू येतं, मी कानाशी ओरडले तरी नाही! आणि एवढे गुडघे देवापुढे टेकले असते ना, तर एव्हाना स्वर्गात दोन खोल्या मिळाल्या असत्या."

"आणि रस्त्यापुढे टेकून काय मिळालं?"

"गुडघेदुखी."

बाईचं चुकत नव्हतं. कानकाका प्रार्थनेला जायचा तो कुणाच्या लग्नाला नाहीतर मातीला. इतर वेळी देवाचं आणि त्याचं 'तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी' असं चाललं होतं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मोठ्या प्रार्थनास्थळासमोरच्या रस्त्यावर पाण्याचा दाब कमी झाला. प्रार्थनास्थळ त्याच्या धर्माचं नव्हतं. नळाला धर्म नसतो, म्हणून तो नेहमीसारखा गेला आणि फाटकासमोर गुडघे टेकून ऐकू लागला. समोरच्या शिंप्याने दुकान उघडता उघडता मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. दोघांची वीस वर्षांची ओळख. 'आमचे काका कामाला लागले' असं लिहून शिंप्याने ते मित्रमंडळींना पाठवलं. गंमत म्हणून.

दुपारपर्यंत गमतीचं शेपूट गळून पडलं आणि नवं चिकटलं. 'आपल्या दारात यांची प्रार्थना! आज रस्ता, उद्या दार!' चित्रणात सळई अंगाआड झाली होती. दिसत होता तो फक्त डोळे मिटून जमिनीकडे झुकलेला माणूस. निवडणूक चार महिन्यांवर होती आणि त्या भागाचा नगरसेवक पाच वर्षांत एक गटार बांधू शकला नव्हता. आयतं कोलीत हाती आलं म्हटल्यावर तो थोडाच सोडणार? संध्याकाळी खात्याच्या दारात घोषणा सुरू झाल्या.

कानकाका शिंप्याकडे गेला. "अरे, तू तरी सांग ना. तू रोज बघतोस मला."

शिंपी मान खाली घालून काज करत राहिला. "काका, आईशपथ, मी तसं काही लिहिलं नव्हतं."

"मला माहीत आहे. तेच त्यांना सांग."

"दुकान इथंच आहे हो माझं," शिंपी म्हणाला.

कानकाकाला राग आला नाही, त्याहून वाईट झालं. त्याला शिंप्याची कीव आली आणि स्वतःचीही.

खात्याच्या साहेबाने चौकशी लावली. साहेब माणूस बरा, पण कणा पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा. "काका, तुम्ही जागेवर करूनच दाखवा. त्यांनाही स्वतःच्या कानांनी ऐकू दे. प्रश्नच मिटला." दुसऱ्या दिवशी सगळे फाटकासमोर जमले. कानकाकाने सळई धरली, ऐकलं आणि बाजूला झाला. "आता तुम्ही ऐका. फक्त वाकावं लागेल." नगरसेवकाने आधी आपल्या पोरांचे मोबाइल बंद करवले, मग पँट वर ओढून गुडघे टेकले.

बराच वेळ तो उठला नाही. उठला तेव्हा चेहरा उतरला होता. सळई खरं बोलत होती, खाली पाणी कण्हत होतं. कानकाकाला वाटलं, सुटलो. पण ज्या माणसाने आयुष्यात जमिनीचा आवाज ऐकला नाही, त्याला पहिल्यांदा ऐकू आला तर तो घाबरणारच. आणि घाबरलेल्या पुढाऱ्याच्या हाती माणसं असतील, तर तो भीती स्वतःजवळ ठेवत नाही.

"खाली काहीतरी चालू आहे," नगरसेवक म्हणाला. "आपल्या देवाच्या पायाखाली! आणि हे याला आधीपासून ठाऊक होतं!"

"अहो, पाणी आहे ते," कानकाका म्हणाला. "गळतंय. तेच तर मी सांगतोय."

"मग इथंच कसं गळतंय?"

कानकाकाने साहेबाकडे पाहिलं. साहेबाने घड्याळ बघितलं, त्याला एक मीटिंग आठवली.

सकाळी खोदायचं यंत्र आलं. परवानगी कुणी दिली हे कुणी विचारलं नाही, साहेब रजेवर गेला होता. खबर ऐकताच कानकाका पायांत बूट सरकवून निघाला. बायको दार अडवून उभी राहिली. "अहो, तुम्हाला मारतील. खोदू दे की त्यांना, फुटू दे सगळं. तुमचं काय जातंय?"

"खालची माती वाहून गेलीय. वर नुसता डांबराचा थर आहे. त्यावर यंत्र आणि शंभर माणसं उभी आहेत."

बायको बाजूला झाली. तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

गर्दीत त्याला पाहताच कुजबुज झाली. तो थेट यंत्राच्या चालकापाशी गेला. "मागे घे. खाली पोकळ आहे."

"पोकळ आहे हे तुला कसं माहीत?" नगरसेवक ओरडला. "ऐकलंत? कबूल करतोय!"

कुणीतरी कानकाकाची कॉलर धरली, कुणीतरी पाठीत गुद्दा घातला. पण चालक हातावर पोट असलेला माणूस, त्याला भाषणापेक्षा जमीन जास्त कळत होती. त्याने सगळ्यांना हात दाखवून बाजूला केलं आणि यंत्र चार हात मागे घेतलं. मग लांबूनच फाळ टेकवला. रस्ता एका दमात खाली बसला. खोलीएवढा खड्डा पडला आणि त्याच्या तळाशी फुटका नळ मुठीएवढ्या भोकातून पाणी फेकत होता. कॉलर धरलेला हात आपोआप सुटला. कानकाकाला वाटलं, आता तरी कुणी खरं बोलेल.

नगरसेवकच बोलला. "बघा! आपण खोदलं म्हणून गळती सापडली! खातं झोपलं होतं!" टाळ्या पडल्या. शिंपीही टाळ्या वाजवत होता, हळू.

आठवड्याने साहेब रजेवरून आला आणि परिपत्रक निघालं. लोकभावना लक्षात घेता, गळती तपासणी यापुढे उभ्यानेच करावी. सोबत लांब सळई. "नोकरी वाचली ना, काका?" साहेब म्हणाला. "दोन वर्षं काढा कशीतरी."

कानकाका पहाटे उभा राहून ऐकू लागला. वाटीत नुसती घूं-घूं. तो पुष्कळ वेळ उभा राहायचा, मग वहीत लिहायचा, 'गळती आढळली नाही.' खोटं नव्हतं. आढळली नव्हतीच. पण तेहतीस वर्षांत हे वाक्य त्याने इतक्या वेळा कधी लिहिलं नव्हतं, आणि रोज घरी येऊन तो जेवणावरून अर्धवट उठे.

एके दिवशी कामावरून परतताना शिंप्याच्या दुकानासमोर त्याच्या बुटाची लेस सुटली. तो थांबला. खाली बघितलं, मग फाटकाकडे, मग आजूबाजूच्या खिडक्यांकडे. पायरीवर दोन पोरं मोबाइल घेऊन बसली होती.

"काका, लेस सुटलीय," आतून शिंपी म्हणाला. "पडाल."

"माहीत आहे," कानकाका म्हणाला, आणि पाय घासत तसाच घरापर्यंत चालत गेला.