न मोजलेले हात

कॅप्टनबाई कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी पलंगाखाली बघायच्या. वाकून, नीट. बहारीनला, मनामातल्या आमच्या दोन खोल्यांत मी नवी नवरी म्हणून आले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्याही पलंगाखाली बघितलं आणि म्हणाल्या, "लढाईत मी यापेक्षा स्वच्छ जागी माणसं मरताना पाहिली आहेत गं." मी घाबरून हातात केरसुणी घेतली आणि ती तशीच धरून त्यांच्याशी तासभर बोलत बसले. चहा विचारायचा राहिला तो राहिलाच.

बाई वसईच्या, ख्रिश्चन, घरात वसईकडची मराठी बोलणाऱ्या. सैन्यात नर्स होत्या. एकाहत्तरच्या लढाईत सीमेजवळ तंबूतल्या इस्पितळात त्यांनी काय काय पाहिलं, ते कधी सांगितलं नाही. कॅप्टन होऊन बाहेर पडल्या आणि बहारीनमधल्या एका इस्पितळात वॉर्ड सांभाळायला आल्या. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं आमच्यातल्या एकीने लाडात येऊन विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "विचारणाऱ्यांचे नवरे बघून."

शुक्रवारी ईसा टाउनच्या शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या सभा व्हायच्या. पुरुष पुढे खुर्च्यांवर, आम्ही मागे पोरं आणि थर्मास सांभाळत. बाई पुढे बसायच्या. "ह्या ख्रिश्चन, ह्या मंडळात कशा?" अशी कुजबुज झाली, तेव्हा त्या उठून म्हणाल्या, "बाहेर पाटीवर मराठी मंडळ लिहिलंय. पाटी बदला, मी घरी जाते." पाटी कोण बदलणार! त्यांना प्रथमोपचाराचं काम देऊन समितीत घेतलं. वाटलं, बँडेज बांधतील आणि गप्प बसतील.

बाईंनी मंडळाची घटना मुळापासून वाचली. आजवर ती कुणीच वाचली नव्हती, लिहिणाऱ्यानेसुद्धा. त्यात होतं, कुटुंबाला एक मत, आणि ते कुटुंबप्रमुखाचं. एकट्या बाईचं कुटुंब होत नसल्यामुळे तिला मत नव्हतं. निवडणुकीला उभं राहायला मात्र बंदी नव्हती, कारण असं काही होईल हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "म्हणजे मी काय आहे?" बाईंनी अध्यक्षांना विचारलं. "वरातीतली घोडी? सजायचं, चालायचं, लग्नात बोलायचं नाही?"

त्याच सुमारास हिद्दला ट्रक चालवणारा चिपळूणकडचा एक ड्रायव्हर झोपेत गेला. मंडळाचा सभासद नव्हता. मालक परदेशात, कागदांवर सही करायला कुणी नाही. तो बाईंच्या इस्पितळाच्या शवागारात इतका काळ पडून राहिला की शेवटी पेटी बंद करून, उघडू नका असं बजावून पाठवावी लागली. आईने चेहरा पाहिला नाही. पेटीवर हात फिरवत राहिली म्हणे.

बाईंनी ठराव आणला: बहारीनमध्ये कुणीही मराठी माणूस गेला, सभासद असो नसो, त्याला घरी पोचवण्याची धावपळ मंडळाने करायची.

"असं कसं?" अध्यक्ष म्हणाले. "उद्या कुणीही ओळख सांगत येईल."

"मेलेला कसा येईल? जिवंत असताना येतात, तेव्हा तुम्ही ओळख देत नाही."

ठराव बाजूला ठेवला गेला. मग बाई सरळ अध्यक्षपदालाच उभ्या राहिल्या.

अध्यक्ष एका मोठ्या कंपनीत मॅनेजर होते. अर्ध्या हॉलचे व्हिसा त्यांच्या शब्दावर आलेले. मतदान हात वर करून. मोजायला आमचे हे, कारण हे अकाउंटंट. घरी सोललेले मटारसुद्धा मोजणारे. कॅप्टनबाईंचं नाव पुकारलं आणि मागे बसलेल्या आम्ही सगळ्या बायकांनी हात वर केले. कुणी ठरवलं नव्हतं. माझ्या हातात तर थर्मासचं झाकण होतं, तेही वर गेलं.

ह्यांनी चष्मा सारखा केला आणि माइकवर म्हणाले, "बायकांनी कृपया हात खाली करा. मोजताना गोंधळ होतो."

हॉल हसला. हात खाली आले. मग मोजले: तीन.

सभेनंतर आम्ही बाईंच्या गाडीभोवती जमून डोळे पुसू लागलो. त्या म्हणाल्या, "रडणं बंद. सांगितल्यावर हात खाली कुणी केले? मी केले?" आणि गाडी सुरू करून निघून गेल्या.

दोन उन्हाळे गेले. मामंजी आम्हाला भेटायला आले. ट्रंकभर आमसुलं आणली, समुद्र बघून "आपल्याकडचा बरा" म्हणाले, आणि एका गुरुवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. देवरुखला सासूबाईंना कळवलं. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "मला तोंड बघायचंय त्यांचं. बंद पेटी आणू नका."

ह्यांनी अध्यक्षांना फोन लावला. "फार वाईट झालं हो," अध्यक्ष म्हणाले. "पण ते व्हिजिट व्हिसावर, सभासद नव्हेत. घटनेत तरतूद नाही. उद्या शुक्रवार, सगळं बंद. इंशाल्ला, नंतर बघू."

मी ह्यांना घेऊन बाईंकडे गेले. दार उघडलं तशी ह्यांनी हात जोडले. मामंजींचं मीच सांगितलं.

"हात खाली करा, साहेब," बाई म्हणाल्या. "मोजताना गोंधळ होतो. पासपोर्ट आणलाय?"

पुढचं सगळं बाईंनी केलं. सुट्टीवरच्या डॉक्टरला घरातून उठवून आणलं. पोलीस, वकिलात, विमान कंपनी. एका कारकुनाला मोडक्या अरबीत इतकं झापलं की तो "खलास सिस्टर, खलास" म्हणत शिक्का शोधू लागला. मामंजींची दाढी त्यांनी स्वतः केली, भांग पाडला. देवरुखला पेटी उघडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लग्नाला निघाल्यासारखे दिसतायत." मग रडल्या.

ह्यांनी परत आल्यावर आभार मानायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "आभार नकोत. ठराव मांडा."

पुढच्या वर्षी इस्पितळाने त्यांचा करार वाढवला नाही. निरोप समारंभ झाला नाही. मुहर्रकच्या विमानतळावर आम्ही दोघंच. बसण्याआधी त्यांनी बाकाखाली बघितलं.

"ठराव मांडतो, मॅडम. नक्की," हे म्हणाले.

"मांडाल. आणि पासही होईल," बाई म्हणाल्या. "आता मी नाही ना."

तसंच झालं. ह्यांनी मांडलेला ठराव अध्यक्षांच्या नावावर आला, पुढच्या खुर्च्यांवरचे सगळे हात वर गेले. आणि मागून एक, माझा. शेजारणी थर्मासकडे बघू लागल्या. ह्यांची मोजणी मागच्या रांगेपर्यंत आली, थांबली. चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी हात तसाच ठेवला. खांदा दुखायला लागला.

मग हे माइककडे वळले आणि मोठ्याने आकडा म्हणाले. त्यात मी होते की नव्हते, ते त्यांनी सांगितलं नाही. मी अजून विचारलेलं नाही.