पंखावर पाय

गिस्लेन स्वतः कधी उडाली नाही. "माझं पोट जमिनीवरच बरं," म्हणायची. तरी तीस उन्हाळे ती फोर्क्ला खिंडीच्या उतारावर उभी आहे. आन्सीच्या सरोवरावरून उडायला आलेले पाहुणे मी गाडीतून वर आणतो, वैमानिक त्यांना पॅराग्लायडरला बांधतात आणि गिस्लेन प्रत्येकाच्या मांडीचे पट्टे ओढून बघते. पट्टे उघडे राहिले तर माणूस हवेत खाली निसटतो. एकदा तिच्या डोळ्यांदेखत तसं झालं होतं. त्यावर ती बोलत नाही, आम्ही विचारत नाही.

वैमानिक पोरं मात्र तिला छळायची. "गिस्लेन, पट्टा ओढ गं, पँट नको!" मीही हसायचो, खोटं कशाला बोलू?

त्या शनिवारी तिचा मुलगा एमेरिक एका पाहुणीला घेऊन धावणार, तोच ही किंचाळली, "थांब!" वर उचललेला पॅराग्लायडरचा कापडी पंख गवतावर कोसळला.

"आता काय, आई?"

"पट्टे. मी पाहिले नाहीत."

"मी पाहिलेत ना! दहा वर्षं उडतोय मी. हे बघ!" रागारागात त्यानं पाहुणीच्या मांडीच्या पट्ट्यांचे दोन्ही खटके उघडून दाखवले. "बंद होते. पटलं? चारचौघांत लाज काढू नकोस माझी."

"एमेरिक, आईला खिशात घालून उड रे!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. गिस्लेन गुपचूप येऊन माझ्या गाडीला टेकली.

एमेरिकनं पंख पुन्हा पसरला. पाहुणीनं कॅमेऱ्याचं काहीतरी विचारलं, त्यानं सांगितलं. गिस्लेन स्वतःशीच पुटपुटत होती.

"काय गं?" मी विचारलं.

"त्यानं उघडलेले पाहिले मी. लावलेले नाही पाहिले."

"लावले असतील."

"असतील." तिनं एक पाऊल पुढं टाकलं, मागे घेतलं. "पुन्हा ओरडले आणि बंदच निघाले, तर तोंड नाही बघायचा माझं."

मीसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. तिकडे एमेरिकनं दोऱ्या हातात घेतल्या. "मी म्हटलं की पळायचं हं!"

गिस्लेन ओरडली नाही. धावत गेली आणि पसरलेल्या पंखावर बुटांसकट उभी राहिली. आमच्यात दुसऱ्याच्या पंखावर पाय देणं थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. सगळे खवळले.

"उतर खाली! वेड लागलंय का तुला?" एमेरिकचा आवाज चिरकला.

"शिव्या मग दे. आधी पट्टे बघ."

त्यानं खाली पाहिलं. पाहुणीच्या गुडघ्यांपाशी दोन्ही पट्टे मोकळे लोंबत होते.

"काय झालं? माझं काही चुकलं का?" पाहुणी एकेकाला विचारत होती. एमेरिकनं तिला सोडवलं, बाजूला बसवलं. गिस्लेन तिथंच कापडावर बसली. मग तोही येऊन तिला चिकटून बसला. वारा चांगला होता, मागे सात जण खोळंबले होते, पण त्या दोघांना उठा असं कुणी म्हणालं नाही.