नऊ वाजताची कार्यशाळा

सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या आमच्या हॉस्पिटलने मला इथिओपियातल्या नर्सेसना वेळेचं नियोजन शिकवायला पाठवलं. कार्यशाळा नऊला होती. साडेआठपासून मी रिकाम्या हॉलमध्ये उभी. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही, तेव्हा वक्तशीरपणावर खरमरीत भाषण मनात तयार केलं. तीनच्या ठोक्याला सगळ्याजणी हजर!

"नऊला बोलावलं होतं," मी म्हटलं.

"नऊच वाजलेत," वयस्कर मेट्रन घड्याळ दाखवत म्हणाली. "आम्ही तास सूर्य उगवल्यापासून मोजतो. तुम्ही?"

"मध्यरात्रीपासून."

"अंधारात दिवस कसा सुरू होईल?" तिने मनापासून विचारलं.

मी भाषण गिळलं आणि त्यांनी पुढे केलेली कॉफी घेतली. दुसरा दिवस त्यांच्या तीनला, म्हणजे सकाळी नऊला ठरला. हिशेबात सहाऐवजी सात तास मिळवून मीच तासभर उशिरा पोचले.