यादीत नसलेली केळी

बाळांनो, मागच्या वर्षी चर्चच्या कापणीच्या सणाला सगळ्यांनी केळीच आणली आणि वेदी बाजारासारखी दिसली. म्हणून यंदा कोणी काय आणायचं याची यादी मीच केली: वांगी, ज्वारी, कापूस, पेरू. केळी मुद्दाम कोणालाच दिली नाहीत. तरी रविवारी वेदीपुढे केळ्यांच्या सतरा फण्या होत्या.

"अक्का, तुमच्या यादीत केळी नव्हती," चोपड्याकडची शेजारीण म्हणाली. "म्हटलं, विसरल्या असतील. जळगावात देवाचे आभार मानायचे आणि केळं नाही? म्हणून वांग्यांबरोबर एक फणी टाकली."

बाकीच्यांनीही तेच केलं होतं. पाळकांनी देवाच्या दानांच्या विविधतेवर तयार केलेला उपदेश गंभीर चेहऱ्याने पूर्ण केला. मी खाली बघत राहिले. सतरावी फणी माझीच होती. केळ्यांशिवाय वेदी काही डोळ्यांपुढे येईना.