आधी बल्ब

काल सोल्डरिंगचा वास आला आणि सौदीतल्या हुफूफचं दुरुस्तीचं दुकान आठवलं. परदेशी कामगारांच्या जागी स्थानिक नेमायच्या सौदीकरणात माझ्या जागी तिथलाच फहद येणार होता, म्हणून मी त्याला हातचं राखूनच शिकवत असे.

त्या दिवशी मशिदीचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करून मगरिबच्या, म्हणजे संध्याकाळच्या नमाजाच्या घाईत मी थेट प्लग लावणार, तोच फहदने माझा हात धरला.

“सबर, भाई. आधी बल्ब लाव.”

वायरीत मध्ये बल्ब जोडला, तर तो भक्कन पेटला. म्हणजे आत शॉर्ट होता; ट्रान्झिस्टरखालचा वीज अडवणारा अभ्रक बसवायला मीच विसरलो होतो. थेट लावलं असतं तर सगळं जळालं असतं. अभ्रक बसवला, बल्ब मंदावला आणि माझा जीव भांड्यात पडला. बांग वेळेवर झाली.

बल्बची ती युक्ती मी फहदला मुद्दामच सांगितली नव्हती. तो ती माझ्या हातांकडे बघून शिकला होता.